'पिंग'चा फुल फॉर्म शोधणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या नोट्समध्ये 'पिंग'चा फुल फॉर्म 'पॅकेट इंटरनेट ग्रोपर' असा पाठ केला होता, आता नोकरी लागल्यावर टीममधले सगळे 'मला पिंग कर', 'संध्याकाळी पिंग करून ठेव' म्हणतात, कोणी सांगतं पिंग म्हणजे मेसेज, धाकटा भाऊ गेम खेळताना 'पिंग वाढलाय' म्हणून ओरडतो, आणि त्यात कंपनीच्या ॲपचं मराठी करायचं काम अंगावर आलंय. तर हा शब्द मुळात आहे काय, मराठीत काय लिहायचं आणि कुठल्या लिंगात, आणि पिंग-पाँगशी त्याचा काही संबंध आहे का?

मी आधी दहाएक वर्षं नेटवर्कची कामं केली, केबल ओढण्यापासून सर्व्हर रूमपर्यंत, आणि नंतरची चौदा वर्षं सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतोय, त्यामुळे हा शब्द दोन्ही बाजूंनी माझ्या हातातून गेलाय. मला वाटतं तुमची अडचण अर्थाची नाहीच. तीनही अर्थ तुम्हाला माहीत आहेत, त्यांना बांधणारा धागा तेवढा सापडत नाहीये, आणि तो धागा त्या फुल फॉर्मने झाकून टाकलाय. म्हणून आधी तो फुल फॉर्म बाजूला करू.

पिंग हा आवाज आहे. आपल्याकडे टण्, खण्, ठण् आहेत तसाच. इंग्रजीत तो १८३०च्या दशकापासून छापलेला सापडतो, आणि तेव्हा तो बंदुकीच्या गोळीचा आवाज होता, गोळी कुठल्या तरी टणक वस्तूवर आपटल्यावर जो बारीक, चिरका, क्षणभर घुमणारा नाद येतो तो. शब्द तोंडात घोळवून बघा. 'प'ने ओठ फटकन उघडतात म्हणजे आवाज अचानक सुरू होतो, ऱ्हस्व 'इ' पातळ आणि उंच पट्टीतली, आणि शेवटचा नाकातला नाद म्हणजे मागे रेंगाळणारी झणझण. तिन्ही मिळून ते चित्र पूर्ण होतं. आपल्याकडेही हेच चालतं बघा: काचेच्या बांगड्यांची किणकिण, नाण्यांची खणखण, शाळेच्या घंटेची टणटण आणि देवळातल्या मोठ्या घंटेची घणघण, वस्तू जड होत गेली की 'इ' जाऊन 'अ' येतो आणि पहिलं व्यंजनही भारी होतं, पण शेवटचा 'ण' कुठेच सुटत नाही कारण घुमणारा नाद तिथेच राहतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. इंग्रजीत पिंगच्या शेवटी 'ग' उच्चारत नाहीत, आवाज नाकातच विरतो. आपण मात्र किंग, रिंग, पिंग सगळीकडे शेवटी चांगला ठसठशीत 'ग' म्हणतो. त्यात चूक काही नाही, आपल्या जिभेची ती सवय आहे, पण त्या 'ग'ने घंटेवर हात ठेवल्यासारखं होतं, मागची झणझण तिथेच तुटते. त्यामुळे मराठी कानाला पिंग हा आवाज वाटतच नाही, नुसतं एक टेक्निकल नाव वाटतं, आणि मग माणूस फुल फॉर्म शोधायला लागतो. आणि मंगळागौरीच्या पिंग्याशी याचा काडीचा संबंध नाही, तेही एकदा कोणीतरी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

आता गोळीपासून कॉम्प्युटरपर्यंत हा आवाज पोचला कसा? मधला टप्पा पाणबुडीचा आहे. पाण्याखाली आवाजाची एक छोटी लहर सोडायची, ती समोरच्या पाणबुडीवर आपटून परत आली की किती वेळात आली त्यावरून अंतर काढायचं, हे तंत्र पहिल्या महायुद्धाच्या काळात उभं राहिलं, फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झचा स्फटिक वापरून हे काम पुढे नेलं, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने त्याला 'सोनार' म्हणायला सुरुवात केली. सोनारच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या कानात तो आवाज पिंग असा वाजायचा, आणि १९४०च्या दशकात त्या लहरीलाच पिंग म्हणायला लागले. इथे शब्दाला एक नवीन गोष्ट चिकटली. गोळीचा पिंग नुसता व्हायचा. सोनारचा पिंग मुद्दाम करायचा असतो, आणि तो करायचा तो परत येण्यासाठी. लहानपणी विहिरीत खडा टाकून 'डुबुक' कधी ऐकू येतंय याकडे कान लावून बसायचो आपण, पाणी किती खोल गेलंय ते कळायचं. खडा टाकण्यात काही नव्हतं, सगळं त्या 'डुबुक'मध्ये होतं.

हे लक्षात राहू द्या, कारण इथून पुढचं सगळं यावरच उभं आहे.

डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांच्या नेटवर्कमध्ये काहीतरी विचित्र बिघाड होता. तो शोधायला त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या मशीनला 'आहेस का?' असं विचारणारं एक पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा छोटा गठ्ठा, पाठवायचं, त्या मशीनने ते जसंच्या तसं परत पाठवायचं, आणि मध्ये किती वेळ गेला ते मोजायचं. हे विचारायची आणि उत्तर द्यायची सोय इंटरनेटच्या नियमांमध्ये १९८१पासूनच होती, विचारणाऱ्या पॅकेटचा प्रकार ८ आणि उत्तराचा प्रकार ०, हे तुम्ही परीक्षेला केलंच असेल. म्यूस यांनी कॉलेजात सोनार आणि रडारच्या मॉडेलिंगवर बरंच काम केलं होतं. त्यांना हे सगळं तसंच दिसलं आणि त्यांनी प्रोग्रॅमचं नाव ठेवलं पिंग, सोनारच्या आवाजावरून. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. 'पॅकेट इंटरनेट ग्रोपर' हा विस्तार डेव्ह मिल्स या इंटरनेट-संशोधकाने सुचवला असं म्यूस यांच्या कानावर आलं होतं, पण त्यांच्या दृष्टीने ते म्हणजे बाळाचं बारसं झाल्यावर नावातल्या प्रत्येक अक्षराला अर्थ शोधून बसवावा तसं. स्पर्धा परीक्षेत प्रश्न आला तर तोच पर्याय निवडा आणि मार्क घ्या, पण शब्दाचं मूळ म्हणून तो डोक्यात ठेवू नका, कारण त्याने आवाज हरवतो आणि आवाज हरवला की पुढचे अर्थ लागत नाहीत.

म्यूस यांनीच सांगितलेला एक किस्सा आहे, मी नवीन पोरांना शिकवताना दरवेळी सांगतो. एका ऑफिसात नेटवर्क मध्येच तुटायचं, मध्येच चालायचं, आणि कुठली जोडणी सैल आहे ते कळत नव्हतं. तिथल्या ॲडमिनने पिंगचं उत्तर आलं की कॉम्प्युटरने तोंडाने 'पिंग' म्हणावं अशी सोय केली, ती ऑफिसातल्या स्टिरिओला जोडली आणि आवाज सहन होईल तेवढा मोठा केला. कॉम्प्युटर सेकंदाला एकदा 'पिंग... पिंग... पिंग...' ओरडत बसला आणि हा माणूस बिल्डिंगभर फिरत एकेक कनेक्टर हलवत गेला. एका कनेक्टरला हात लावला आणि आवाज बंद. बिघाड सापडला. गोळीपासून निघालेला आवाज कॉम्प्युटरमध्ये मुका झाला होता, त्या माणसाने त्याला परत वाचा दिली. मला ही गोष्ट फार आवडते कारण आम्हीही अशीच कामं केलीत, एकजण स्क्रीनसमोर बसून 'आला... आला... गेला!' असं ओरडायचा आणि दुसरा वर फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घालून केबल हलवायचा.

मुका पिंग म्हटल्यावर विमानाच्या ब्लॅक बॉक्सचाही सांगायला हवा. विमान समुद्रात पडलं तर त्यावरचं यंत्र सेकंदाला साधारण एक पिंग सोडत राहतं, पण ३७.५ किलोहर्ट्झवर, आणि माणसाच्या कानाला २०च्या वरचं काही ऐकू येत नाही. म्हणजे आवाजावरून आलेला शब्द आता अशा गोष्टीला वापरतात जी ऐकूच येत नाही, आणि तरी कोणाला तो खटकत नाही, कारण साद घालणं तेवढं शिल्लक आहे.

पिंग-पाँगबद्दलही तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. हो, तोच आवाज. १९००च्या आसपास इंग्लंडमध्ये जेवणाच्या टेबलावर सेल्युलॉइडचा चेंडू घेऊन हा खेळ सुरू होता, त्या बॅटवर डफासारखा पातळ चामड्याचा पडदा ताणलेला असायचा, त्यावर चेंडू आपटला की पिंग. त्याच सुमारास पिंग-पाँग हा खेळांचं साहित्य विकणाऱ्या कंपनीचा ट्रेडमार्क झाला, म्हणूनच खेळाच्या संघटनांना 'टेबल टेनिस' हे नाव धरावं लागलं. आणि यातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग आपल्या मुंबईतला आहे. १९५२ची जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत झाली, आशियातली ती पहिलीच. तिथे जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. बाकीचे तोपर्यंत दाणेदार रबराच्या बॅटने खेळायचे, चेंडू बॅटला लागला की टक्क आवाज यायचा आणि समोरचा खेळाडू त्या आवाजावरून फटका किती जोरात, कसा मारलाय ते ओळखायचा. स्पंजने तो आवाजच खाल्ला. चेंडू गप्प यायचा आणि येताना भलत्याच वेगाने यायचा. मोठमोठे युरोपियन खेळाडू गोंधळले आणि सातो पुरुष एकेरी जिंकून गेला. पुढे १९५९मध्ये बॅटच्या रबर-स्पंजच्या जाडीवर नियम आले. खेळाच्या नावातच जो आवाज होता तो गेला आणि खेळ बदलला, आणि हे घडलं मुंबईत. टेबल टेनिस खेळणाऱ्या मराठी मुलांना हे कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ऑफिसातलं 'पिंग कर'. हे चॅटच्या जमान्यात कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडून बाहेर पडलं आणि सगळीकडे पसरलं. इथे मी एक फरक करतो आणि तुम्हीही करा. मेसेजमध्ये मजकूर असतो. पिंगमध्ये मजकूर नसला तरी चालतो, 'आहेस का, लक्ष आहे का, मोकळा आहेस का' एवढंच त्यात असतं, आणि समोरून काहीतरी उत्तर यावं ही अपेक्षा असते. आपल्याकडे याचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे मिस्ड कॉल. 'खाली आलो की मिस्ड कॉल देतो.' एक शब्द बोलणं नाही, पैसा खर्च नाही, समोरच्याला कळतं, तो खाली येतो. 'संध्याकाळी पिंग करून ठेव' याचा अर्थ म्हणूनच 'आठवण कर, हलकं ढोसून ठेव', सगळा तपशील लिहून पाठव असा नाही. अर्थात हे ऑफिसावर अवलंबून आहे. काही टीममध्ये पिंग म्हणजे सरळ मेसेजच धरतात, तिथे तुम्ही एकटे वेगळा अर्थ धरून बसलात तर काम अडेल, पहिल्या आठवड्यात लोक कसं वापरतात ते बघा आणि तसं वागा.

बऱ्याच ठिकाणी लोक नुसतं 'हाय' टाकून गप्प बसतात. मशीनला रिकामा पिंग चालतो कारण ते मिलिसेकंदात उत्तर देतं. माणूस मीटिंगमधून दोन तासांनी बघतो, 'हाय' म्हणतो, तोवर तुम्ही जेवायला गेलेले असता. म्हणून माणसाला पिंग करताना विषयाची एक ओळ जोडाच.

इंग्रजीत वापरताना एकच चूक आपल्याकडे सर्रास होते: 'आय विल पिंग टू यू'. तो 'टू' आपल्या 'तुला'मधून येतो. इंग्रजीत या क्रियापदाला थेट कर्म लागतं, 'पिंग यू', 'पिंग द सर्व्हर'. आणि औपचारिक पत्रात, क्लायंटच्या पहिल्या मेलमध्ये वगैरे वापरू नका, तो चॅटवरचा शब्द आहे. बाहेर याचे आणखी अर्थ आहेत, ब्रिटनमध्ये मायक्रोवेव्हमध्ये काही गरम करण्यालाही पिंग म्हणतात, आणि २०२१च्या जुलैत तिथल्या कोविड ॲपने एका आठवड्यात ६ लाखांच्या वर लोकांना 'घरी थांबा' असा इशारा पाठवला तेव्हा 'पिंगडेमिक' हा शब्द निघाला, तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना तो आठवत असेल. गेमवाल्यांचा पिंग म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. मुंबई ते लंडन सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद तर कुठल्याही प्लॅनवर लागणारच, आणि केबल सरळ रेषेत नसते. भावाला सांगा जवळचा सर्व्हर निवड, राउटर बदलून लंडन जवळ येणार नाही.

आता मुख्य गोष्ट, मराठीत काय लिहायचं. अडचण शब्दांची नाही, आपल्याकडे आवाजाचे शब्द इंग्रजीपेक्षा भरपूर आहेत. अडचण व्याकरणाची आहे. आपला आवाजी शब्द सहसा दोनच रूपांत येतो. एक तर जोडीने, खळखळ, सळसळ, टणटण, म्हणजे चालू राहणारा आवाज. नाहीतर 'कन' किंवा 'दिशी' लावून, टणकन, खाडकन, धाडदिशी, म्हणजे एकदाच आणि कसं झालं ते. त्यातून क्रियापद झालंच तर ते बहुतेक आपल्यापुरतं असतं, पाणी खळखळतं, पैंजण छुमछुमतात, कोणी कोणाला खळखळवत नाही. इंग्रजी मात्र एकटं अक्षर उचलते आणि त्याला थेट कर्म लावते, आवाज 'करणं' सोडून आवाज कोणावर तरी 'टाकते'. म्हणून 'टणकव मला' किंवा 'किणकिण कर' असले प्रयत्न हास्यास्पद होतात, मी ते होताना बघितलेत. अपवाद आहेत, दार ठोठावणं, कडी खटखटवणं, आणि गंमत म्हणजे तिथे अर्थही पिंगच्या अगदी जवळ येतो, आत कोणी आहे का बघायचं असतं.

पण मला सगळ्यात नेमकी जोडी सापडली ती हाक आणि ओ. हाक मारायची, ओ द्यायची. डोंगरात दोन गट लांब पडले की खिंडीतून एकजण हाक मारतो, पलीकडून 'ओऽऽ' येते, एवढ्यावर कळतं की सगळे ठीक आहेत आणि साधारण किती लांब आहेत. त्या 'ओ'मध्ये शब्द नाही, अर्थ सगळा आहे. नेटवर्क शिकवताना मी विचारणाऱ्या पॅकेटला हाक आणि परतीच्या पॅकेटला ओ म्हणतो, उत्तर न आल्यावर स्क्रीनवर दिसणारं 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे हाक मारली, ओ आली नाही. पोरांना पुन्हा समजवावं लागत नाही.

ॲपमध्ये काय लिहायचं ते मात्र ते बटण काय करतं यावर आहे. सुरुवातीच्या काळात मी एका राउटरच्या सेटिंगच्या पानावर पिंगच्या बटणाला 'संदेश पाठवा' लिहून दिलं होतं. लोक बटण दाबायचे आणि संदेश कोणाला गेला, कुठे दिसेल म्हणून विचारायला फोन करायचे. चूक माझीच होती, मी परत येणारा अर्धा भाग टाकून दिला होता. नंतर ते 'जोडणी तपासा' केलं, शेजारी बारीक अक्षरात 'पिंग' ठेवलं, फोन थांबले. तेव्हापासून माझा नियम: जिथे मशीन मशीनला विचारतं तिथे 'जोडणी तपासा', आकडा दाखवायचा असेल तर 'प्रतिसादाचा वेळ', एका माणसाने दुसऱ्याचं लक्ष वेधायचं असेल तर 'हाक मारा' किंवा थोडं औपचारिक हवं असेल तर 'लक्ष वेधा', आणि वापरणारे सगळे टेक्निकल लोक असतील तर बिनधास्त 'पिंग करा', त्यांना भाषांतराने उलट अडचण होते. 'हाक मारा' काही क्लायंटना घरगुती वाटतं. वाटू दे, एकदा खऱ्या वापरणाऱ्यांना दाखवून बघा असं मी सुचवतो, बहुतेक वेळा राहतं.

लिंगाचं विचारलंत ते राहिलं. पिंग आला, आली की आलं? मी तिन्ही ऐकलंय. 'रिंग आली'च्या वळणावर काही जण 'पिंग आली' म्हणतात, कृती धरली की 'पिंग केलं' होतं, गेमवाले आणि नेटवर्कवाले जास्त करून 'पिंग येतोय' म्हणतात. मी पुल्लिंग धरतो, कारण आवाज आणि प्रतिसाद दोन्ही पुल्लिंगी आहेत आणि वाचणारा मनात तेच धरून असतो. तुम्ही वेगळं धरलंत तरी चालेल, फक्त एका ॲपमध्ये एकच ठेवा, एका पानावर 'पिंग गेला' आणि पुढच्या पानावर 'पिंग मिळाली' असं नको.

तुमच्या ॲपमधलं नेमकं इंग्रजी वाक्य आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट इथे टाका. डेव्हलपरला एवढं विचारून घ्या की बटण दाबल्यावर समोरून काही परत यायचं असतं की नाही. ते कळलं की शब्द लगेच सांगतो.